तबकडीवर नाव नसलेली माणसे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पाश्चात्त्य रॉक आणि पॉप संगीतातील पडद्यामागच्या मंडळींवर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. गायक आणि बँड सर्वांना माहीत असतात; परंतु त्यांचे ध्वनिमुद्रण घडवणारे प्रोड्यूसर, ध्वनिमुद्रक, संयोजक आणि साथीचे वादक अनामिक राहतात, असा त्या टिपणाचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : जॉर्ज मार्टिन यांना ‘पाचवा बीटल’ म्हटले जाते. त्यांनी गाणी लिहिली नाहीत, बहुतेक वाद्येही वाजवली नाहीत. मग रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणून त्यांनी नेमके केले तरी काय? — एक वाचक, कोल्हापूर

चित्रपटाचा निर्माता पैसा उभा करतो. रेकॉर्डच्या प्रोड्यूसरचे काम मात्र चित्रपटाच्या दिग्दर्शकाच्या जवळ जाणारे आहे. कोणते गाणे घ्यायचे, ते कोणत्या लयीत वाजवायचे, त्यात कोणती वाद्ये असावीत आणि दहा टेकपैकी, म्हणजे दहा वेळा केलेल्या मुद्रणांपैकी, कोणता ठेवायचा, यावर शेवटचा शब्द त्याचा असतो. १९६२ साली मार्टिन आणि चार तरुणांचा ब्रिटिश बँड बीटल्स यांची गाठ पडली, तेव्हा तर हा अधिकार जवळजवळ निरंकुश होता. मार्टिन लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकलेले होते, ओबो वाजवत होते आणि ईएमआय कंपनीच्या पार्लोफोन या दुय्यम समजल्या जाणाऱ्या लेबलचे प्रमुख होते. पीटर सेलर्ससारख्या विनोदी कलावंतांच्या रेकॉर्डांमुळे त्यांचे नाव झालेले होते. रॉकशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. डेक्का कंपनीने नकार दिल्यानंतर बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन कंपन्यांचे उंबरे झिजवत त्यांच्यापर्यंत पोहोचले.

मार्टिन यांनी रिवाजाप्रमाणे या मुलांसाठी दुसऱ्या गीतकाराचे एक गाणे निवडून ठेवले होते. मुलांनी ते रेकॉर्ड केले खरे, पण आम्हाला आमचेच गाणे हवे, असा हट्ट धरला. मार्टिन यांनी तो मानला आणि त्यांच्या ‘प्लीज प्लीज मी’ या तेव्हा रेंगाळणाऱ्या गाण्याची लय वाढवायला सांगितली. बीटल्सनी नाकारलेले गाणे पुढे ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या दुसऱ्या बँडला मिळाले आणि १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे मार्टिन यांचा अंदाज फसला नव्हता, आणि तरीही त्यांनी तो बाजूला ठेवला. माझ्या मते त्यांचे पहिले मोठे कर्तृत्व हेच आहे, कारण त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या प्रोड्यूसरने या चौघांना आल्या पावली घरी पाठवले असते.

पुढची कर्तबगारी अधिक ठोस आहे. ‘यस्टरडे’ला चार तंतुवाद्यांची साथ द्यावी, ही १९६५ मधील सूचना त्यांची होती. त्याच वर्षीच्या ‘इन माय लाइफ’मध्ये मधली जागा रिकामी राहिली होती आणि बीटल्सपैकी जॉन लेनन यांना तिथे जुन्या युरोपीय दरबारी संगीताच्या धाटणीचे काहीतरी हवे होते. मार्टिन यांनी पियानोसाठी एक तुकडा रचला, पण तो गाण्याच्या वेगात त्यांच्या बोटांतून उतरेना. तेव्हा त्यांनी टेप निम्म्या वेगाने चालवून तो सावकाश, एक सप्तक खाली वाजवला आणि नंतर टेप नेहमीच्या वेगाने सोडली. सूर वर चढला, प्रत्येक स्वराची शेपटी आखडली आणि पियानोचा आवाज हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या जुन्या वाद्यासारखा टणटणीत झाला. आज ते वाद्य हार्पसिकॉर्डच आहे असे अनेक जण समजतात.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ची कथा तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. १९६६ च्या अखेरीस या गाण्याची दोन वेगवेगळी रूपे तयार झाली. एक होते बँडने वाजवलेले, संथ. दुसरे मार्टिन यांनी लिहिलेल्या चार ट्रम्पेट आणि तीन चेलोंसह, जलद आणि वरच्या पट्टीतले. लेनन यांना एकाचा आरंभ आवडला, दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी, हे मार्टिन यांनी त्यांना सांगितले. लेनन यांचे म्हणणे एवढेच की, तुम्ही ते जुळवाल. मार्टिन आणि तरुण ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी पहिल्या टेपचा वेग किंचित वाढवला, दुसरीचा कमी केला, आणि योगायोगाने दोन्ही पट्ट्या एकमेकींजवळ आल्या. मग टेप कात्रीने तिरकी कापून जोडली. सुमारे एका मिनिटानंतर येणारा तो सांधा कान देऊन ऐकला तर सापडतो. लेनन यांचा आवाज तिथून जरा जड, झोपाळू वाटू लागतो.

एवढे करूनही मार्टिन हे ईएमआयचे पगारी नोकर होते. १९६३ मध्ये त्यांनी घडवलेल्या रेकॉर्ड ब्रिटनमध्ये एकूण ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होत्या, आणि त्या विक्रीतला एक पेनीही त्यांच्या वाट्याला आला नाही. १९६५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सहकाऱ्यांसह ‘एआयआर’ ही स्वतःची संस्था काढली. प्रोड्यूसरने पगाराऐवजी विक्रीत वाटा मागावा, ही रीत ब्रिटनमध्ये रुळण्यात या पावलाचा मोठा हात आहे.

प्रश्न : साठच्या दशकातील काही अमेरिकन बँडनी आपल्या रेकॉर्डवर स्वतः वाद्ये वाजवलीच नव्हती, असे वाचले. ही श्रोत्यांची फसवणूक नव्हे काय? — एक वाचक, नागपूर

माहिती बरोबर आहे. ‘द बर्ड्स’ या बँडचे ‘मिस्टर टॅम्बुरिन मॅन’ हे १९६५ मधील पहिले गाजलेले गाणे घ्या. त्यात बँडपैकी वाद्य वाजवले ते एकट्या रॉजर मॅग्विन यांनी, बारा तारांच्या गिटारवर. ड्रम्स हॅल ब्लेन यांचे, बास लॅरी नेक्टेल यांचा. गायन मात्र बँडचेच. कारण सरळ होते. स्टुडिओचा वेळ महाग होता, कामगार संघटनेच्या नियमाने तीन तासांचे एक सत्र धरले जाई, आणि नवशिक्या बँडला जे साधायला दोन दिवस लागले असते ते ही मंडळी त्या तीन तासांत उरकत. लॉस एंजेलिसमध्ये असे काही डझन वादक होते. कागदावरचे स्वरलेखन पाहताक्षणी वाजवणारे, सकाळी फ्रँक सिनात्रांकडे, दुपारी ‘द बीच बॉईज’कडे आणि संध्याकाळी एखाद्या जाहिरातीच्या जिंगलवर काम करणारे. १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षे ग्रॅमीचा ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ हा पुरस्कार ज्या गाण्यांना मिळाला, त्या सहाही गाण्यांवर ड्रम्स हॅल ब्लेन यांचे आहेत. श्रोत्यांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

या गटाला पुढे ‘रेकिंग क्रू’ म्हणू लागले. ब्लेन यांनी ते नाव रूढ केले. बास वाजवणाऱ्या कॅरल के यांना ते मुळीच मान्य नाही. आम्हाला त्या काळी कोणी असे म्हणत नव्हते, असे त्या ठामपणे सांगत आल्या आहेत. पुरुषांनी भरलेल्या त्या खोल्यांत त्या बहुधा एकट्याच स्त्री असत. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांची निवड जाहीर केली, तेव्हाही आपण समारंभाला जाणार नाही असे त्यांनी जाहीरपणे कळवले.

फसवणूक म्हणावे का, याचे उत्तर मी प्रकरणपरत्वे देईन. ‘द मंकीज’ हा बँड १९६६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेसाठी जमवला गेला आणि पडद्यावर वाजवताना दिसणारी मुले रेकॉर्डवर जवळजवळ वाजवतच नव्हती. ते दडवून ठेवण्यात विक्रीचा हिशेब होता, म्हणून तिथे ‘फसवणूक’ हा शब्द लागू पडतो. त्या मुलांनाच पुढे ते असह्य झाले आणि भांडून त्यांनी १९६७ मधली आपली एक रेकॉर्ड स्वतः वाजवून काढली. बाकी ठिकाणी मला फसवणुकीपेक्षा कृतघ्नपणा अधिक दिसतो, आणि त्याचे सर्वांत बोचणारे उदाहरण डेट्रॉइटचे आहे.

मोटारींच्या कारखान्यात जुळणीपट्ट्यावर काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन कंपनीचा पाया घातला. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात त्यांचा स्टुडिओ होता. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे असे गायक बदलत, पण खाली वाजवणारा ताफा तोच राही. त्याचे नाव फंक ब्रदर्स. त्यातले जेम्स जेमरसन बास गिटार उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, छेडत. सहकारी त्या बोटाला ‘हुक’ म्हणत. ते तारा तुटल्याखेरीज बदलत नसत, त्यामुळे आवाज बोथट, गोलसर आणि भरदार येई. तोवर पॉपमध्ये बासचे काम सम दाखवून गप्प राहण्याचे होते. जेमरसन यांचा बास गायकाच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा हेरून तिथे स्वतःची चाल गुंफतो, समेला मुद्दाम बगल देतो आणि नेमक्या क्षणी परत येतो. फोर टॉप्सचे १९६७ मधील ‘बर्नाडेट’ एकदा फक्त बासकडे लक्ष देऊन ऐकावे, म्हणजे गाण्याचा निम्मा आवेग कोठून येतो ते कळेल.

कंपनीच्या रेकॉर्डवर या वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर ती पहिल्यांदा आली, आणि जेमरसन यांच्या नावामागे ‘अतुलनीय’ असे विशेषणही होते. पुढच्याच वर्षी मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा दिमाखदार सोहळा दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला. जेमरसन यांना आमंत्रण नव्हते. ते काळ्या बाजारातून तिकीट घेऊन मागच्या जागेवर बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रश्न : वादकांचा वाटा एवढा मोठा असेल तर त्यांना रॉयल्टी का मिळत नाही? — एक वाचक, डोंबिवली

कारण कायदा ‘गाणे’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ या दोन वेगळ्या मालमत्ता मानतो. गाणे म्हणजे शब्द आणि चाल. त्याची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला जाते, मग ते गाणे कोणीही गावो. ध्वनिमुद्रणाचा मालक बहुतेक वेळा कंपनी असते, आणि साथीच्या वादकाला त्या दिवसाची बिदागी देऊन मोकळे केले जाते. बासची तान, ड्रम्सची सुरुवात, ऑर्गनची धून यांना शब्दही नाहीत आणि रूढ अर्थाने त्या चालही नाहीत. लोक मात्र गाणे ओळखतात ते अनेकदा नेमक्या याच गोष्टींवरून. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. पडद्यामागच्या माणसांवर झालेला अन्याय रसिकांच्या उदासीनतेपेक्षा करारांच्या भाषेतून अधिक घडला, आणि जिथे कोणी कोर्टाची पायरी चढले तिथे तो काही अंशी दूरही झाला.

दोन खटले पाहण्याजोगे आहेत. ‘प्रोकोल हारम’ या ब्रिटिश बँडचे १९६७ मधील ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गाणे त्याच्या आरंभीच्या ऑर्गनमुळे जगभर ओळखले जाते. ती धून मॅथ्यू फिशर यांनी वाजवली आणि रचली, पण गाण्यावर नावे फक्त गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर यांनी २००५ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, दावा लावला. उच्च न्यायालयाने त्यांना संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. अपील न्यायालयाने त्यांना सहरचनाकार मानले, पण फार उशीर केला म्हणून पैसा नाकारला. अखेर २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, निकाल त्यांच्या बाजूने दिला. मात्र मागच्या ३८ वर्षांची रॉयल्टी त्यात नव्हती.

दुसरे प्रकरण क्लेअर टोरी यांचे. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी पिंक फ्लॉइड या बँडने त्यांना लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावले. शब्द नव्हते, चाल नव्हती. बँडमधील रिक राइट यांचा पियानो ऐकवून, यावर काहीतरी गा, एवढेच सांगण्यात आले. आपला आवाज हे एक वाद्य समजावे, असे त्यांनी मनाशी ठरवले आणि दोन-तीन टेकमध्ये तो विलाप करणारा, ओरडणारा, मग हळूहळू निवत जाणारा आलाप गाऊन टाकला. रविवारचा दुप्पट दर धरून ३० पौंड हातात पडले. हे काही वापरणार नाहीत, असे वाटून त्या निघून गेल्या. ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर गायिका म्हणून त्यांचे नाव होते, रचनाकार म्हणून नव्हते. २००४ मध्ये त्यांनी दावा केला आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या रचनाकारांत राइट यांच्याबरोबर त्यांचे नाव आले. नाव छापून येणे आणि वाटा मिळणे या दोन गोष्टी किती दूर असू शकतात, हे या प्रकरणात स्वच्छ दिसते.

प्रश्न : ध्वनिमुद्रक म्हणजे बटणे फिरवणारा तंत्रज्ञ, अशी आमची समजूत आहे. त्याचा संगीताशी खरोखर संबंध येतो का? — एक वाचक, रत्नागिरी

टॉम डाउड यांच्याकडे पाहिले तर येतो. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या या गृहस्थांनी ऐन तारुण्यात कोलंबिया विद्यापीठात अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पावर काम केले. युद्ध संपल्यावर भौतिकशास्त्राच्या वर्गात परत जाणे त्यांना निरर्थक वाटले. तिथे शिकवले जात होते त्याच्या पुढचे त्यांना येत होते आणि ते गुप्ततेच्या बंधनामुळे बोलता येत नव्हते. ते ध्वनिमुद्रणाकडे वळले आणि अटलांटिक कंपनीत रमले.

त्या काळी आवाजाची पातळी मोठ्या गोल मुठी फिरवून ठरवत, म्हणजे एका वेळी फार तर दोन वाद्ये हाताळता येत. डाउड यांनी त्याजागी सरळ रेषेत सरकणाऱ्या पट्ट्या बसवल्या, आणि दहा बोटांनी दहा वाद्ये एकाच वेळी खालीवर करणे शक्य झाले. त्यांच्याच आग्रहावरून अटलांटिकने १९५८ मध्ये आठ ट्रॅकचे, म्हणजे एकाच टेपवर आठ आवाज वेगवेगळे टिपणारे, यंत्र घेतले. बीटल्स त्यानंतर नऊ वर्षांनी ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकवर करत होते, हे लक्षात घेतले म्हणजे डाउड यांची झेप कळते. रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग यांच्या रेकॉर्डांवर त्यांचा हात आहे. १९७० मध्ये मायामीत एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन या गिटारवादकांची गाठ त्यांनी घालून दिली आणि त्यातून ‘लैला’ या गाण्याची ती दुहेरी गिटार आली. आता हे काम तंत्रज्ञाचे की संगीतकाराचे, ते वाचकांनीच ठरवावे.

प्रश्न : या पडद्यामागच्या मंडळींत आपल्याकडचे कोणी होते का? — एक वाचक, पुणे

होते, आणि बीटल्सच्याच रेकॉर्डांवर होते. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधील ‘लव्ह यू टू’वर लंडनमध्ये राहणाऱ्या अनिल भागवत यांचा तबला आहे. त्यांचे नाव वेष्टनावर छापले गेले; त्या काळी बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही दुर्मीळ गोष्ट होती. पुढच्याच वर्षी बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘विदिन यू विदाउट यू’साठी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलकडून दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणारे कलावंत आले, पण ‘सार्जंट पेपर’वर त्यांची नावे नव्हती. ती उजेडात यायला २०१७ साल उगवले : अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर. या गाण्यात दिलरुब्याच्या मिंडीला जोडून आठ व्हायोलिन आणि तीन चेलो चालतात. ते जॉर्ज मार्टिन यांनी लिहिले, आणि सुटा, नेमका स्वर लावण्याची सवय असलेल्या लंडनच्या वादकांकडून मींड काढून घेताना त्यांना बरीच मेहनत पडली.

मुंबईचा संबंध याहून थेट आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत आले. तिथे एकाच ट्रॅकचे यंत्र होते, म्हणून भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आगगाडीने दोन ट्रॅकचे यंत्र आणून दिले, असे हॅरिसन यांनी पुढे सांगितले आहे. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ची वाद्यसंगत मुद्रित झाली. सरोदवर आशिष खान आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. गायन लंडनमध्ये जोडले गेले आणि मार्चमध्ये हे गाणे ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आले. म्हणजे बीटल्सच्या एका गाण्याची अख्खी वाद्यसंगत मुंबईची आहे.

ते यंत्र आणणारे भास्कर मेनन स्वतः पडद्यामागचे मोठे प्रस्थ होते. तिरुवनंतपुरममध्ये जन्मलेले मेनन १९७१ मध्ये अमेरिकेतील कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइडला तोवर अमेरिकेत फारसे यश नव्हते आणि बँड कंपनी सोडण्याच्या बेतात होता. तरीही मेनन यांनी ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या प्रचारासाठी सारी यंत्रणा कामाला लावली. एप्रिल १९७३ मध्ये तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

प्रश्न : पूर्वी गाण्यावर दोन नावे असत, आता दहा-अकरा दिसतात. आजचे रचनाकार कमी पडतात का? — एक वाचक, न्यू जर्सी

एकटा माणूस अजूनही पुरेसा प्रभावी ठरू शकतो. स्वीडनचे मॅक्स मार्टिन पूर्वी एका हेवी मेटल बँडचे गायक होते. नंतर स्टॉकहोमच्या चेरॉन स्टुडिओत गुरू डेनिझ पॉप यांच्या हाताखाली ते गाणी लिहू लागले. ब्रिटनी स्पीअर्स यांचे १९९८ मधील पहिले गाणे त्यांचे. ते आधी टीएलसी या त्रयीला देऊ केले होते आणि त्यांनी नाकारले होते. तेव्हापासून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली त्यांची गाणी पंचविसाहून अधिक आहेत, आणि ती गुणगुणणाऱ्या बहुतेकांना त्यांचा चेहरा ओळखता येणार नाही.

नावे वाढली त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे ताल आणि ध्वनी रचणाऱ्या प्रोड्यूसरला आता रचनाकार मानले जाते, जे जेमरसन यांच्या पिढीला मिळाले नाही. दुसरे कारण भीतीचे आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील ज्यूरीने ‘ब्लर्ड लाइन्स’ हे गाणे मार्विन गे यांच्या गाण्याची नक्कल असल्याचा कौल दिला, तेव्हा वाद मुख्यतः लयीचा आणि एकूण ढंगाचा होता. त्यानंतर कंपन्या सावध झाल्या. त्याच वर्षी ‘अपटाउन फंक’वर, जुन्या ‘गॅप बँड’च्या गाण्याशी साम्य असल्याच्या दाव्यानंतर, पाच नावे वाढवण्यात आली आणि एकूण आकडा अकरावर गेला. त्यातले किती जण प्रत्यक्ष त्या खोलीत होते, हे नावांच्या यादीवरून समजत नाही. ती यादी वकिलांनी मान्य केलेली असते.